मकदूमचाचांचा पैलवान

सात रस्त्याच्या स्टॉपवर मकदूमचाचांची रिक्षा उभी असली की सोलापूरविषयी काही विचारायला दुसरीकडे जायची गरज नसते. अमुक पेठेला हे नाव का पडलं, गिरणीचा भोंगा बंद पडल्यावर लोक घड्याळं कशावर लावू लागले, कडक भाकरी किती दिवस टिकते, शेंगाचटणी कांडताना लसूण आधी टाकायचा का नंतर, कशालाही चाचांकडे उत्तर तयार असतं. त्यातली निम्मी उत्तरं खरी असतात. उरलेली जास्त चांगली असतात.

यात लबाडी नाही, असं चाचांचं प्रामाणिक मत होतं. घरी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, तसा रिक्षात बसलेल्याचा प्रश्नही रिकाम्या हातानं परत पाठवायचा नाही, एवढाच त्यांचा नियम. 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून बायकोनंही कधी ऐकले नव्हते. "नई मालूम बोले तो जबान झडती क्या?" असं चांदबी भाकरी थापता थापता विचारायची. चाचा त्यालाही उत्तर द्यायचे.

दगडाचं असंच झालं. स्टॉपच्या मागच्या बोळात एक काळा, गोल दगड पडलेला होता, दोघा माणसांना न हलणारा. बऱ्याच वर्षांपूर्वी रिक्षात बसलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, "हा दगड कसला हो?" चाचांच्या पुढं एक टेम्पो अडकला होता. त्याच्या मागं लिहिलं होतं, 'धोंडीराम कृपा'.

"धोंडीराम पैलवानाचा," चाचा म्हणाले. "गिरणीत कामाला हुता. सुट्टी झाली की ह्यो दगड खांद्यावर घेऊन तालमीत जायचा. एक दिवस हितं ठेवला, परत उचलायला आलाच न्हाय."

पाहुणा खूश झाला. चाचाही झाले. मग पैलवान वाढत गेला. खवय्या गिऱ्हाईक बसलं की तो टोपलीभर भाकऱ्या खायचा. कॉलेजची पोरं बसली की त्याचा प्रेमभंग व्हायचा. एका मारुतीभक्तासाठी तो ब्रह्मचारी झाला आणि तसाच राहिला. कुणीतरी दगडाला शेंदूर फासला, कुणी वर पत्रे टाकले, शनिवारी तेल आणि नारळ सुरू झाले. कुस्तीला निघालेली पोरं पाया पडून जाऊ लागली आणि त्यातली काही जिंकूनही आली, याला चाचा काय करणार? शेवटी एका मुलीनं मोबाइलवर चाचांचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत अकलूजला पोचला.

एका शनिवारी सकाळी दिग्विजय नावाचा तरुण स्टॉपवर आला. जुळे सोलापूर या उपनगरात राहणारा, नोकरीही इथंच. सोबत त्याची आजी होती, बजाबाई. पहिल्या एसटीनं अकलूजहून आलेली, नऊवारी नेसलेली, पिशवी छातीशी धरलेली.

"चाचा, तुमच्या व्हिडिओतला पैलवान म्हंजे हिचे वडील," दिग्विजय म्हणाला. "धोंडीराम. ही पाळण्यात हुती तवा गिरणीत लागतो म्हणून सोलापूरला आले. पुन्हा त्यांची काय खबरच न्हाय."

"कुस्ती खेळायचे म्हणं," बजाबाई म्हणाल्या. "पर ब्रह्मचारी म्हणलासा, त्ये काय मला पटलं न्हाय. मग मी कुटनं आले?"

चाचांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा विषय बदलला. चहा मागवला. बजाबाईंनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, मग बोळात जाऊन दगडासमोर बसकण मारली. पिशवीतून पितळेचा करंडा काढला, कुंकवाचा, आणि मागोमाग आलेल्या चाचांना दाखवला.

"माझ्या आईचा ह्यो. नवरा गेल्याचं कुणी सांगितलं न्हाय, म्हणून ती मरंस्तवर कुंकू लावायची. गाव लई नावं ठेवायचं. आई म्हणायची, 'हायेत त्ये.' तुमाला सगळं माहीत हाय म्हणत्यात. एवढंच सांगा बाबा, आई हुती तवर त्ये जित्ते हुते का?"

उत्तर चाचांच्या जिभेवर आलंच होतं. पैलवान चांगला म्हातारा झाला, तुमच्या आईच्या मागनं झोपेतच गेला, जाताना लेकीचं नाव घेतलं. एवढं म्हटलं की म्हातारी सुखानं परतणार होती. याहून कितीतरी किरकोळ कारणासाठी चाचांनी याहून मोठ्या थापा मारल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. बजाबाई पदर सावरून पुढं वाकल्या होत्या, एक शब्दही सांडू नये म्हणून. चाचांना स्वतःची फार लाज वाटली.

"मावशी," ते म्हणाले, "मला माहीत न्हाय."

जीभ झडली नाही. मग उरलेलंही बाहेर पडलं. "पैलवान मीच केलाय. नाव टेम्पोच्या मागं वाचलं. तुमच्या वडलांचं मला काय बी माहीत न्हाय. माफ करा मला."

दिग्विजय तापला. "म्हातारीला एवढ्या लांबनं बोलावलंय मी! व्हिडिओत तर लई छाती ठोकून सांगत हुता की!" आजीनं नुसता हात वर केला आणि तो गप्प बसला.

"मग ह्यो दगड कुणी आणला हितं?" तिनं विचारलं.

"माहीत न्हाय."

"कुणीतरी आणलाच आसंल की. लई जड दिसतोय."

"व्हय."

"त्यो माझा बाप नव्हता, ह्ये तरी माहीत हाय का तुमाला?"

चाचांनी मनापासून विचार केला. "न्हाय, मावशी. त्ये बी माहीत न्हाय."

"मग झालं तर," बजाबाई म्हणाल्या. त्यांनी करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि शेंदरावर, बरोबर मधोमध लावलं.

निघताना त्यांनी करंडा चाचांच्या हातात दिला. "शनवारी एक बोट लावत जावा. मला सारखं यायला जमत न्हाय, आन माझ्यामागं घरात ह्येला कोण इचारतंय?" दिग्विजय दुसरीकडं बघू लागला. चाचांनी करंडा दोन्ही हातांनी घेतला.

आता तो मीटरशेजारी असतो. खड्ड्यात झाकण उडू नये म्हणून चांदबीनं त्याला रबर लावून दिलंय. शनिवारी चाचा नेमानं बोट लावतात. पैलवानाची गोष्ट त्यांनी सोडून दिली. ती बाकीचे रिक्षावाले सांगतात आणि चुकीची सांगतात, हे मात्र चाचांना ऐकवत नाही.

परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "चाचा, रिक्षात कुंकवाचा करंडा? कुणाचा हाय?"

"एका बाईचा. तिचा नवरा गिरणीत लागतो म्हणून सोलापूरला आला हुता."

"मग? पुढं काय झालं त्याचं?"

सिग्नल लाल होता. चाचांनी रबर नीट बसवलं.

"माहीत न्हाय," ते म्हणाले. "वाट बघतोय."