मावशीची क्रोमची टाकी

माझी मावशी नाकावर माशी बसू देत नसे. चामड्याच्या कारखान्यात तिने एकोणीस वर्षं काढली आणि त्यातली निदान अठरा भांडण्यात घालवली. मीही तिथेच होते, पॅकिंगला, त्यामुळे हे ऐकीव नाही.

कातडी कुजू नयेत म्हणून ती मोठ्या लाकडी ड्रममध्ये क्रोमच्या पाण्यात फिरवतात. पण कातडी सगळं क्रोम शोषत नाहीत. उरलेलं हिरव्या-निळ्या पाण्याबरोबर मागच्या नाल्यात जायचं, आणि मावशीचं घर त्याच नाल्याच्या काठावर. "आपणच आपल्या दारात विष ओततो आणि वर पगार घेतो," असं ती येता-जाता सगळ्यांना ऐकवायची.

म्हणून मालकांनी क्रोम परत मिळवायची टाकी बांधली, तेव्हा तिने ते काम मागून घेतलं. काम सांगायला सोपं. वापरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमची पांढरी पूड घालून ढवळायचं आणि एक दिवस थांबायचं. क्रोम हिरवा गाळ होऊन तळाशी बसतं. तो गाळ ॲसिडमध्ये विरघळवला की क्रोम पुन्हा ड्रमसाठी तयार.

ड्रमवरचे मिस्त्री मात्र पहिल्या दिवशीच फुगले. "माझ्या ड्रमात उष्टं पाणी चालणार नाही," म्हणाले. झालं! मावशीला दाखवून द्यायची घाई सुटली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते उगाच नाही. पहिल्याच खेपेत चाळीस कातडी डागाळून बाहेर आली.

मालकांनी तिला समोर उभं करून सांगितलं, "अजून एकच खेप. बिघडली तर टाकी मोडायची आणि तुम्ही उद्यापासून घरी."

मिस्त्रींचा चेहरा तेव्हा काय खुलला होता! मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मावशी मात्र डागाळलेलं कातडं मांडीवर घेऊन बसली. अंगठ्याने डाग चोळला, अंगठा नाकाशी नेला.

"अगं, हे तेलकट आहे," ती मला म्हणाली. "डाग क्रोमचा नाही, चरबीचा आहे. चूक माझीच."

टाकी लवकर भरावी म्हणून तिने ड्रम धुतल्याचं पाणीही त्याच पन्हळीतून आत घेतलं होतं. कातडीची सगळी चरबी त्यातून आली होती. आता तिने धुण्याच्या पाण्याला वेगळी पन्हळ काढली. फक्त क्रोमचं पाणी घेतलं, जाळीतून गाळलं, दिवसभर हलू दिलं नाही आणि दुधावरची साय काढावी तशी वर आलेली चरबी घरच्या झाऱ्याने काढून टाकली. मग पूड. इकडे काका स्वयंपाकघरात तळणीसाठी झारा शोधत बसले होते.

खेप निघाली. एका ड्रममध्ये निव्वळ नवं क्रोम, दुसऱ्यात मावशीचं मिसळलेलं. आमच्याकडे चामडं पारखायची एक रीत आहे. तुकडा कापायचा, कागदावर ठेवून पेन्सिलने कडा आखायची, तुकडा तीन मिनिटं पाण्यात उकळायचा आणि परत आखणीवर ठेवायचा. आकसला तर चामडं कच्चं. कुठला तुकडा कुठल्या ड्रममधला हे मिस्त्रींना कळू नये म्हणून मालकांनी स्वतः तुकडे कापले. एकाला एक भोक पाडलं, दुसऱ्याला दोन.

पातेलं खदखदत होतं.

मिस्त्रींनी चिमट्याने तुकडे काढले, आखणीवर ठेवले. दोन्ही रेषेला रेष. मग त्यांनी उजेडात धरून डाग शोधले, बोटांनी दाबलं, दुमडलं. बराच वेळ लावला. माणूस खडूस होता, पण हाताशी खोटं बोलणारा नव्हता.

"हा जास्त मऊ आहे," ते म्हणाले आणि दोन भोकांचा तुकडा टेबलावर ठेवला.

मालक हसले. "तो हिच्या टाकीतला."

मिस्त्रींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला तर रडूच फुटलं. मावशी पातेल्याखालची शेगडी बंद करत होती.

"बाई," मिस्त्री घसा खाकरून म्हणाले, "उद्या चार ड्रम भरायचे आहेत. चारांना पुरेल एवढं द्याल?"

"सकाळी आठला घेऊन जा," मावशी म्हणाली. "आणि स्वच्छ बादल्या आणा."