जवायाचा गेमिंग लॅपटॉप

आता तुमाले काय सांगू अन् कोणत्या तोंडानं सांगू! चहा येऊन राहिला, तोवर आटपून घेतो. एका अधिक महिन्यात मी जवायाले असा मान दिला, का अजूनही सिहोऱ्याकडं मोटरसायकल वळवायची म्हटलं तं मले घाम येते.

मी करडीचा. धानाची शेती आहे, खाऊनपिऊन सुखी आहो. पोरी दोन. मोठी मनीषा सिहोऱ्याले दिली. जवाई राजेशचं तिथं औषधाचं दुकान आहे. माणूस भला. इतका भला, का भाजीत मीठ नसलं तं मागत नाही, दुसऱ्यांदा भाजीच मागून घेते.

धाकटी पायल. तिची तेव्हा बारावी झाली होती अन् तिले नागपूरले अ‍ॅनिमेशन शिकायले जायचं होतं, तीन वर्षांचा कोर्स. तिनं माह्यामागं टुमणं लावलं, का कोर्सले गेमिंग लॅपटॉप लागते. मी म्हणलं, शिकायले जाऊन राहिली का खेळायले? तिनं समजावून सांगितलं, का ती हलती चित्रं काढायचं काम साध्या लॅपटॉपले झेपत नाही, तो मधातच बसून जाते, अन् लॅपटॉप नसला तं कोर्सले जाऊन काही फायदा नाही. मी म्हणलं, विषय बंद. तिनं लगेच बंद केला. शहाण्या माणसाले तिथंच शंका आली असती. मले आनंद झाला.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठात आला. मनीषाच्या लग्नानंतरचा पहिलाच. तुमाले माहीत आहे, अधिकात जवाई-पोरीले जेवायले बोलवायचं, पाटावर बसवायचं, बत्तासे-अनारसे अन् काहीतरी चांगली वस्तू वाण म्हणून द्यायची. पहिल्या अधिकाले हात आखडला तं पोरीच्या सासरी, इवायाच्या घरी, दहा वर्षं तेच ऐकू येते.

पण द्यायचं काय? आमच्याकडं जवायाले 'काय पाहिजे' असं तोंडावर विचारत नाहीत. विचारलं तं तो 'काही नको' म्हणते, अन् मग त्याले काही देता येत नाही, अन् नाही दिलं तं तो रुसते. म्हणून आडून आडून काढून घ्यायचं असते. या कामात मी सोताले भलताच हुशार समजत होतो.

अन् देवानं दिलंच. मनीषाचा फोन आला, तं बोलता बोलता म्हणे, "बाबा, हे दिवसभर मोबाइलवर गेमिंग लॅपटॉपच पाहून राहिले. गिऱ्हाईक खोकत उभं राहते, यांचं ध्यान नाही."

झालं. मले समजलं. लग्न झालं तरी पोट्ट्याची खेळायची हौस फिटली नाही, अन् बिचारा लाजेनं बोलून नाही राहिला. घरात मी कोणाले काही सांगितलं नाही. मले साऱ्यांले चकित करायचं होतं.

मी राजेशले फोन लावला. म्हणलं, जवाईबापू, आजकाल मोबाइलवर काय पाहणं सुरू आहे म्हणते? तिकडून आधी घसा खाकरला. मग खोकला. मग 'तसं काही नाही, मामाजी.' मी म्हणलं, लपवू नका, मले सारं समजलं आहे, तुमसरले या, तुमीच निवडा अन् पैसे मी देतो. तो लगेच मोकळा झाला. म्हणे, "मामाजी, हा विषय तुमच्यापाशी कसा काढावा, याचाच मी विचार करून राहिलो होतो."

आता सांगा, यात शंका घ्यायले जागा कुठं आहे?

तुमसरच्या त्या दुकानात टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सारं मिळते. मी पहिलेच सांगून टाकलं, पन्नास हजाराच्या वर एक रुपया जाणार नाही. दुकानदारानं एक पातळ, चकचकीत डबा समोर ठेवला अन् पाऊण लाखाचा सांगितला. राजेशनं तो हातातही घेतला नाही. म्हणे, मामाजीचे पैसे झाडाले लागले नाहीत. मले तं गहिवरून आलं. दुसऱ्याचा जवाई असता तं तोच काखेत मारून निघाला असता.

मग त्याचं पाहणं सुरू झालं. ग्राफिक कार्ड वेगळं आहे का? रॅम सध्या आठ चालते, पण पुढं वाढवता येईल का? पंखे किती? मले त्यातलं काही समजत नव्हतं. धान घेताना मी दाणा दातानं फोडून पाहतो. इथं दात लावायची सोय नव्हती, म्हणून मी झाकण उघडझाप करून बिजागरी पाहून राहिलो होतो. दोन लॅपटॉप मी त्यावरूनच बाद केले. दुकानदार मले म्हणे, काका, हळू.

राजेश म्हणे, "वजन कमी पाहिजे. एसटीनं नेणं-आणणं होईल." मले वाटलं, यानं मोटरसायकल विकली का काय? मी मनात ठेवलं. मग म्हणे, तीन वर्षं बिनघोर चालला म्हणजे झालं. मी म्हणलं, बरोबर, तोवर लेकरंबाळं होतील अन् याचं खेळणं सुटेल. मग म्हणे, कीबोर्डाखाली निळा लाइट असलेला द्या, निळा रंग आवडते. कोणाले आवडते, हे ना मी विचारलं, ना त्यानं सांगितलं. शेवटी शेहेचाळीस हजारात एक जमला. बाहेर येऊन तो भर रस्त्यात माह्या पाया पडला. मी म्हणलं, घरी कोणाले बोलू नका, अधिकाच्या जेवणालेच सर्वांसमोर देऊ. तो म्हणे, तसंच करा, मामाजी, तिथंच शोभते.

आता यात त्याची बाजू अशी, का पायलनं त्याले गळ घातली होती. बाबा माहं ऐकत नाहीत, तुमी एक स्वस्त अन् चांगला पाहून ठेवा अन् बाबाले समजवा. तो बिचारा तेच करून राहिला होता. त्याले वाटलं, सासऱ्याले पाझर फुटला, पोरीसाठी लॅपटॉप घेऊन राहिला. कोणाले सांगायचं नाही म्हणून त्यानं कबूल केलं, अन् बसस्टँडवर पोचायच्या आधी पायलले फोन करून सारं सांगून टाकलं.

मले हे मालूम नव्हतं. मले इतकंच दिसलं, का पायल अचानक गुणाची झाली. न सांगता चहा, न सांगता पाणी, आंघोळीले टॉवेल हातात. मी बायकोले म्हणलं, पाह्य, पोरगी कशी समजदार झाली, लॅपटॉपचं नावही काढत नाही.

जेवणाचा दिवस आला. राजेश, मनीषा अन् राजेशची आई, म्हणजे आमच्या इहीनबाई, सकाळीच आले. पुरणाचे धोंडे झाले. जवाई-पोरगी पाटावर बसले. बायकोनं ओवाळलं, बत्तासे-अनारशाचं ताट दिलं. मग मी आतून डबा आणला. त्याले हळदकुंकू लावलं. पायल नवा ड्रेस घालून समोरच उभी होती. तिनं दोन्ही हात पुढं केले.

मी म्हणलं, बाजूले हो बेटी. अन् डबा जवायाच्या मांडीवर ठेवला.

राजेशनं डब्याकडं पाह्यलं, पायलकडं पाह्यलं, मग माह्याकडं पाह्यलं. तो डोळे फाडून पाहून राहिला होता. मले वाटलं, आनंदानं बोलणं सुचून नाही राहिलं. त्यानं तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात इहीनबाई डोळ्याले पदर लावून म्हणल्या, "इवाईबुवा, माह्या पोराच्या मनातलं तुमी कसं ओळखलं?"

आता आई रडून राहिली म्हटल्यावर पोरगा काय बोलणार? त्यानं डबा पोटाशी धरला अन् बसला. पायल आत गेली. तिच्या मागं बायको गेली. थोड्या वेळानं बायकोनं मले सयपाकघरात बोलावलं अन् दार लावून घेतलं. ती काय काय बोलली ते सोडा. थोडक्यात, लॅपटॉप कोणाचा होता ते मले समजलं.

पण परत कसा मागता? अधिकाचं वाण, त्याले कुंकू लागलेलं, अन् इहीनबाई समोर बसलेल्या. वरून त्याच म्हणल्या, अधिकात नवी वस्तू वापरायले काढत नाही, महिना सरला का साऱ्या आळीले बोलावून उघडू. सांजच्या गाडीनं डबा मांडीवर घेऊन त्या सिहोऱ्याले गेल्या.

त्या दिवसापासून पायलनं माह्याशी बोलणं सोडलं. दिवसभर खोलीचं दार बंद. नवतपाचे ते नऊ जाळते दिवस, अन् पोरगी पंखा लावून आत. मले खरंच जीवाले लागलं हो. मोठीच्या घरी नाक वर ठेवायच्या नादात मी धाकटीचं शिक्षण दुसऱ्याच्या कपाटात ठेवून आलो होतो.

एका दुपारी मी समजूत काढायले दारापाशी गेलो. आतून पायलचा आवाज आला, "मार! अजून मार! सोडू नको त्याले!" अन् त्यावर बायकोचा आवाज, "पाह्य, कसा लपून बसला मेला."

मी दाराबाहेर होतो. कोणाबद्दल चाललं आहे, हे विचारायची गरज मले वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी धानाच्या रोवणीसाठी ठेवलेल्या पैशाले हात लावला अन् तुमसरले गेलो. दुकानदाराले म्हणलं, तोच लॅपटॉप, तोच निळा लाइट. त्यानं विचारलं, दुसरा जवाई का? मी म्हणलं, नाही, एकच आहे. त्यानं पावती फाडली.

घरी आलो, दार ढकललं, म्हणलं, घे बेटी, चुकलो मी. अन् पाहतो तं काय! पलंगावर लॅपटॉप, कीबोर्डाखाली निळा उजेड, पायल बाजूले बसलेली अन् माऊस माह्या बायकोच्या हातात. ती मान वर न करता म्हणे, "थांबा जरा. आत्ता मेली असती मी."

मग समजलं. जेवणाच्या दिवशी इहीनबाई दुपारी लवंडल्या होत्या, तेव्हाच जवाई अन् त्याची साळी पायल, या दोघांनी मिळून डबा रिकामा केला. लॅपटॉप घरात ठेवला अन् डब्यात तेवढ्याच वजनाचे तांदूळ भरले. माह्याच कोठीतले. महिना सरायच्या आत राजेश आईले सांगणार होता, का मशीन बिघडलेलं निघालं, दुकानात वापस दिलं. मनीषाले माहीत, बायकोले माहीत. मले काहून सांगितलं नाही म्हणता? बायको म्हणे, तुमच्या तोंडावर सारं दिसते, इहीनबाईनं एका नजरेत ओळखलं असतं. मग पायल माह्या हातातल्या डब्याकडं पाहून म्हणे, "पण बाबा, हा दुसरा कायले आणला?"

दुकानदार वापस घेईना. म्हणून इहीनबाईच्या डब्यात ठेवायले मी आंब्याच्या टोपलीत दडवून तो सिहोऱ्याले नेला. मनीषानं सासूले आंबे धुवायले विहिरीवर नेलं, राजेशनं कपाटाची चाबी आणली अन् आमी दोघांनी तांदूळ काढून लॅपटॉप भरला. काम झालं. खोली अशी तापली होती, का दोघंही घामानं ओले. मले जरा हलकं वाटून राहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा जवायाले सरळ विचारलं. म्हणलं, जवाईबापू, हा खेळायचा डबा तुमच्या गळ्यात पडला खरा, पण तुमाले मनातून काय पाहिजे होतं?

तो लाजला. जमिनीकडं पाहून म्हणे, "कुलर, मामाजी. साधा पाण्याचा."

"मग बोलले काहून नाही?"

"तुमी विचारलंच नाही."

तिथून सरळ तुमसरले कुलर घ्यायले गेलो. दुकानदारानं मले दुरूनच येताना पाह्यलं. मी पायरी चढेपर्यंत त्यानं तोच लॅपटॉप, निळा लाइटवाला, तिसरा, काउंटरवर काढून ठेवला होता. त्यानंही विचारलं नाही.