लॉकरमधला डबा

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या आहेत. नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या रक्तातली साखर मोजते... जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायची सवयच नाही. तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली तरी ते डोक्यातून जात नाही.

२००६ चा ऑगस्ट. आई पुण्याहून आली होती. तिला "राणीच्या देशातला एखादा वाडा" बघायचा होता, म्हणून शनिवारी मी आणि नितीन, माझा नवरा, तिला तासाभरावरच्या एका जुन्या हवेलीत घेऊन गेलो. आईला डायबेटिस, दोन्ही वेळा जेवणाआधी अर्धा तास इन्शुलिन. पावणेबाराला तिने कार पार्कमध्येच इंजेक्शन घेतलं. हिरवळीवर बसून थालीपिठं खायची, मग आत जायचं, असं ठरलं होतं.

पण गेटवरच्या माणसाने सांगितलं, गाइडेड टूर आत्ताच निघतेय, पुढची थेट तीनला. मी म्हटलं, "आई, वीस मिनिटांचं काम आहे. मग जेवू." आत मोठ्या पिशव्या न्यायच्या नाहीत म्हणून तिची पिशवी लॉकरमध्ये टाकली. स्टीलचा डबा त्यात, आणि लिमलेटच्या गोळ्याही त्यातच. किल्ली माझ्या जीन्सच्या खिशात. इतकी शहाणी मी!

वीस मिनिटांची टूर संपेचना. आई दमली, पण तिथल्या खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून पाइनची बोंडं ठेवलेली. "तू इथे थांब, मी नितीनला बोलावते," म्हणून मी लायब्ररीत गेले. दोन मिनिटांत परत आले तर आई नाही.

टॉयलेट बघितलं, बाग बघितली, दोन्ही जिने पालथे घातले. आईकडे मोबाइल नाही, इंग्लिश येत नाही. साडेबारा झाले. पाऊण. मला पुढचं सगळं पाठ होतं – आधी घाम, मग थरथर, मग बरळणं, मग... एका पांढऱ्या केसांच्या व्हॉलंटियर आजींना मी अक्षरशः ओरडून सांगितलं, "शी नीड्स शुगर!"

सव्वाला ती सापडली. तळघरात, जुन्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, दगडी पायरीवर निवांत बसलेली.

शुगर मोजायचा मीटर माझ्या छोट्या पर्समध्ये होता, तिथेच बोट टोचून शुगर बघितली. सहा पॉइंट आठ, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात एकशेबावीस. अगदी नॉर्मल. दीड तास उपाशी, वर इन्शुलिन... शक्यच नाही.

"आई, काय खाल्लंस?"

"अगं, मला गरगरायला लागलं, जिना दिसला तो उतरले. इथे एक बाई होती. पांढरा एप्रन, कोपरापर्यंत पीठ. हाताला धरून बसवलं, पावाला लोणी लावून वर साखर घातली."

"तुला तिचं बोलणं कळलं?"

"ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या. तिचंही जेवण राहिलेलं दिसत होतं गं. मी म्हटलं, वर माझा डबा आहे, थालीपिठं आहेत, खा."

व्हॉलंटियर आजींनी दार हलवून दाखवलं. कुलूप होतं. म्हणाल्या, वायरिंगच्या कामासाठी स्वयंपाकघर हिवाळ्यापासून बंद आहे, आणि आमच्याकडे एप्रन कुणीच घालत नाही. नितीन म्हणाला, टी-रूममधली कोणी असेल. मीही तेच धरून चालले. आई समोर होती, मला दुसरं काही नको होतं. मी तिचा हात सोडत नव्हते.

मग लॉकर उघडला. किल्ली माझ्याच खिशात होती, सबंध वेळ. पिशवी जशीच्या तशी, लिमलेटच्या गोळ्याही. डबा उचलला तर हलका लागला. सकाळी मी स्वतः भरलेली तीन थालीपिठं नव्हती. डबा घासूनपुसून लख्ख, आणि तळाशी साखरेचे पाच-सहा ओबडधोबड खडे, मोठ्या ढेपेतून फोडून काढल्यासारखे.

आईने डब्यात डोकावून मान डोलावली. "चांगल्या घरची दिसते. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे कळतं तिला."

ती साखर मी लॅबमध्ये नेऊन तपासू शकले असते. नेली नाही. काय निघालं असतं? साखरच. लॉकरला दुसरी किल्ली असेल, कोणीतरी गंमत केली असेल – सगळं घोकून झालंय. पण आईचं बोलणं तळघरात झालं, मराठीत झालं, ते त्या गंमत करणाऱ्याला कोणी सांगितलं?

मला जास्त टोचतं ते वेगळंच. माझ्या आईचं जेवण मीच कुलपात घातलं होतं, आणि तिला खाऊ घातलं ते कोणा दुसरीनेच.

आई आता नाही. डबा माझ्याकडे आहे. मी तो कधी रिकामा ठेवत नाही, चार खडे साखरेचे असतातच. का, ते मला सांगता येणार नाही.