थरथरत्या रेघेचा मोर

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, अक्षरही वाकडंच आहे. चौथीपर्यंत शिकले, आणि हे वहीपुरतंच लिहिते आहे.

विजूभाऊ गेल्याचं मला कामठीच्या ऑटोत कळलं. शेजारी बसलेली बाई सहज बोलली, "इतवारीतले ते कॉम्प्युटरवर डिझाइन करणारे विजूभाऊ गेले ना, सोमवारी." मी पदर तोंडाला लावून बसले... उतरायचं ठिकाणही मागे गेलं.

मी रांगोळीचे छापे विकते. मोर, कमळं कागदावर मी काढायची. विजूभाऊ त्याचा फोटो कॉम्प्युटरवर घेत. फोटो मोठा केला की नुसते चौकोन दिसत. त्यावरून छापा कापायचं मशीन चालत नाही, त्याला सलग रेघ लागते. ती रेघ सॉफ्टवेअर मिनिटात काढून देई. पण विजूभाऊ ती पुसत आणि माझ्या कागदाकडे बघत एकेक बिंदू स्वतः बसवत. "हे समदं गुळगुळीत करून टाकते, ताई. तुमचा हात त्यात राहत नाही."

एकदा दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांना माझा मोर दाखवत ते म्हणाले, "पाहा, ताईचा हात कसा थरथरून राहिला." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद उचलला आणि झालेल्या कामाचे आठशे रुपयेही न देता निघाले. "ताई, काहून चालल्या?" मागून ऐकू आलं. मी वळले नाही.

मग दुसऱ्या दुकानातून सॉफ्टवेअरच्याच रेघेचे छापे करून घेतले. स्वस्त, झटपट. बर्डीच्या बाजारात, फुटपाथवर माझ्याकडून नेहमी छापे घेणारी बाई ते उलटसुलट करून म्हणाली, "असे तर सगळीकडेच भेटतात वं. तुये ते जुने कुठं गेले?" तेव्हा कळलं, विजूभाऊ कशाचं कौतुक करत होते. पण परत जायला तोंड नव्हतं. आज जाईन, उद्या जाईन... दोन वर्षं गेली.

तेरवीनंतर त्यांच्या घरी गेले. विजूभाऊंच्या बायकोनं, वहिनींनी, त्यांचा कॉम्प्युटर लावला. माझ्या नावाच्या फोल्डरात तो मोर जुन्या फोटोवरून पूर्ण केलेला होता, मानेजवळची थरथर तशीच. वहिनी म्हणाल्या, "ते म्हणत, येतीन ताई, तयार असू दे."

माझं चुकलं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते वहिनींना सांगून काय उपयोग... मी पदराच्या गाठीतून तेव्हाचे राहिलेले आठशे रुपये काढून कीबोर्डजवळ ठेवले. वहिनींनी नको म्हटलं नाही. शांतपणे मोजले.

"पुरे आठशे आहेत," म्हणाल्या.