पाथर्डीचा चढ आणि पहिला गियर

जळक्या क्लच प्लेटचा वास आला, की कोइमतूरच्या या गॅरेजातून मी थेट पाथर्डीजवळच्या घाटात जातो.

आमच्या दादांनी, म्हणजे वडलांनी, जन्मभर बैलगाडी हाकली. पुढे जुनी जीप घेतली, तरी इंजिनाचा आवाज चढला की बैल दमला असं वाटून त्यांना कीव यायची, आणि भर चढावर ते वरचा गियर टाकायचे. त्या दिवशी ऊसतोडीला निघालेली दहा माणसं घेऊन जीप क्लच जळल्याचा वास सोडत दोनदा बंद पडली. चुलती म्हणाली, "भावजी, आता न्हाई चढली तर आमी दुसरी बघतो."

आठवीत शाळा सोडलेला मी, लायसन नवंकोरं. घाबरतच दादांच्या जागी स्टिअरिंगवर बसलो आणि पहिला गियर टाकला.

"आरं, वरडतंय ते."

"वरडू द्या, दादा. चाकाला जोर यातच मिळतो. पळायचं वर गेल्यावर."

जागेवरून ओढून काढतो तो टॉर्क, आणि वेग वाढला तरी ती ओढ टिकवते ती हॉर्सपॉवर, हे शब्द मला इथल्या उस्तादांनी दिले, त्यांचे उपकारच. पण जीप त्याआधीच चढली होती.

वर पोचल्यावर दादा एवढंच म्हणाले, "कारखान्यापतोर तूच ने."

तेव्हा वाटलं, मी जिंकलो. आता कळतं, चारचौघांदेखत पोरासाठी आपली जागा सोडायला केवढं मन लागतं.