धाकटीनं मोडलेलं मनगट

माणसांच्या आधी ढोरांची खुशाली विचारणारी माझ्या धाकट्या जावेसारखी बाई अख्ख्या वऱ्हाडात झाली नसेल, आणि तिच्यावर माझ्याइतकं जळणारीही कोणी नसेल. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, सरकारचे हुकूम नागपूरहून यायचे; आमच्या घरात मात्र हुकूम तिचा चाले. नणंदेच्या सोयरिकीत तिनं व्याह्यांना सर्वांदेखत विचारलं, "मामा, तुमची गाय गाभडली म्हने, दिवसाआधीच वासरू टाकलं. मंग हे दूध उकळून आनलं का कच्चंच?" मी लाजेनं मेले. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीले समजते." मेलेला उंदीर दिसला की प्लेगाच्या धाकानं ती सगळं घर शेतातल्या झोपडीत नेऊन बसवी. एकदा तो उंदीर आमच्याच मांजरीनं मारलेला निघाला, तरी मामंजींनी शहाणी म्हटलं ते तिलाच. चौथी पास मी होते. पण मला कोणी काही विचारत नसे.

माझ्या माहेरून आलेल्या म्हशीला भरदुपारी कोल्हा चावला. धाकटी म्हणाली, "दिवसा गावात येनारा कोल्हा पिसाळलेलाच. म्हैस अलग बांधा, बाई." मी ऐकलं नाही. हिला माहेरून शेळीसुद्धा आली नाही, म्हणून पोटात दुखतं, असं मला वाटलं.

महिन्यानं म्हशीनं चारा सोडला, तोंडातून लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला. घशात काही अडकलं की आमच्याकडे कोपरापर्यंत हात घालून काढतात. कापूस वेचून माझी बोटं चिरलेली होती. मी बाही सारली, तोच धाकटीनं धावत येऊन मनगटावर काठी हाणली.

"अडकलं काही नाही! पिसाळली हाये थे! मरायची एवढी घाई काऊन तुमाले?"

"तुह्या डोळ्यात माही म्हैस खुपते."

"खुपते तं खुपते. हात मांगं घ्या."

म्हैस तिसऱ्या दिवशी मेली. खामगावहून आलेला ढोरांचा डॉक्टर म्हणाला, हात घातला असता तर मीही गेले असते. हेही तो धाकटीलाच सांगत होता.

मनगट वाकडं बसलं. बायकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, विहिरीवर घसरले. धाकटी बाजूलाच घागर घेऊन उभी होती. म्हणाली, "हाव, शेवाळ लई झालं तिथं."

ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. मनगटाचं कोणी विचारलं तर मी अजून विहीरच सांगते. पण आता हाव म्हणायला कोणी नाही.