पकडल्यावर कुठे पळायचं

कॉलेजच्या छात्रसेनेत मी गेले ती काही देशसेवेसाठी नव्हे. रविवारी घराबाहेर पडायला कारण मिळायचं. घरी रविवार म्हणजे अख्ख्या आठवड्याचं धुणं. देशाचं काय व्हायचं ते होवो, माझा रविवार वाचला होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्हाला कवायत शिकवायला फौजेतले एक हवालदार होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पलटणीत ते रग्बी खेळलेले. एका थंडीत त्यांच्या मनानं घेतलं की छात्रसेनेत मुलींचा रग्बी संघ उभा करायचा. सातजणी हव्या होत्या. आमच्या शहापुरात चार तयार झाल्या, मुरबाडच्या कॉलेजात तीन. मग आम्ही चौघी दर रविवारी जीपमध्ये कोंबून मुरबाडला जायचो, तेही त्यांचे उपकार नकोत म्हणून आपापला डबा घेऊन. त्या आम्हाला ‘स्टेशनवाल्या’ म्हणत, कारण रेल्वे आमच्या तालुक्यात होती, त्यांच्या नव्हती. आम्ही त्यांना काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

मुरबाडच्या कॉलेजचं मैदान क्रिकेटवाल्या पोरांनी अडवलेलं. म्हणून भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात आमचा सराव चाले. धसकटांनी नडग्या सोलवटायच्या. आई विचारायची, "परेड करता का काटे तोडता गो?"

चेंडू लांबट. तो समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा. हे डोक्यात लगेच शिरलं, अंगात काही शिरेना. आम्ही सातहीजणी कबड्डीवर वाढलेल्या. चढाईत पकडलं की आपल्या बाजूला वळायचं आणि पकडणाऱ्यांना ओढत मधल्या रेषेला हात लावायचा, की त्या सगळ्या बाद. त्यामुळे रग्बीतही कुणी कंबर धरली की आम्ही गर्रकन वळून उलट्या दिशेला झेपावायचो. उस्ताद कपाळाला हात लावायचे. "बेटी, घर पीछे नहीं, आगे है."

मुरबाडच्या तिघींतली एक डोंगरातल्या वाडीवरची. तिच्याइतकं पळणारं आमच्यात कुणी नव्हतं. उस्तादांची हिंदी तिला अर्धीच कळे, म्हणून मी तिच्या बाजूला उभी राहून सांगायचे. ती बोलायची कमी. एकदाच म्हणाली, "आठवडाभर लाकडा नि पानी. रईवार तेवढा माझा हाय." त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली, मुरबाडची असूनही.

छात्रसेनेच्या वार्षिक शिबिराच्या शेवटी आमच्या बटालियनच्या कर्नलसाहेबांनी कल्याणच्या मुलींशी सामना लावला. आम्ही जिंकलो तर संघ राहील, नाहीतर चेंडू परत जाईल आणि रविवारचा सराव बंद, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आम्हाला त्या रात्री धड जेवण गेलं नाही.

सामना बरोबरीत आला. शेवटी शेवटी चेंडू वाडीवरच्या मुलीच्या हातात, रेषा अगदी समोर. तिघींनी तिला धरलं. ती वळली. तिघींना ओढत, धापा टाकत ती थेट मैदानाच्या मध्यावर आली, चेंडू टाकला आणि मधल्या रेषेला हात लावला.

आणि आम्ही काय केलं? उड्या मारल्या. "तिघी बाद" म्हणून मीच पहिली ओरडले. शहापूरवाल्यांनी मुरबाडवालीला मिठ्या मारल्या, पहिल्यांदाच. बघायला आलेल्या गावकऱ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. तेवढ्यात कल्याणच्या एकीनं पडलेला चेंडू उचलला आणि घाईगर्दी न करता चालत जाऊन आमच्या रेषेपलीकडे ठेवला.

कर्नलसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, पण शब्दाला पक्के. चेंडू त्यांच्या गाडीत गेला. उस्ताद एका शब्दानं रागावले नाहीत, सगळ्यांना स्वतःच्या हातानं केळी वाटत राहिले. ते मला जास्त लागलं.

निघताना वाडीवरची ती माझ्याजवळ आली. "पुढल्या रईवारी किती वाजता यायचा गो?"

हिला कळलंच नाही, असं मला वाटलं. सराव संपला हे सांगायला तोंड उघडलं आणि "आठ वाजता" म्हणून मोकळी झाले.

रविवारी मी मुरबाडला गेले ती तिला खरं सांगायला. खाचरापाशी पोचले तर बाकीच्या पाचहीजणी आधीच आलेल्या. तिनं सगळ्यांना तेच विचारलं होतं आणि सगळ्यांनी माझ्यासारखीच वेळ देऊन टाकली होती. सांगायचं कुणी, यावर आमची कुजबुज चालू असताना ती बांधावरून पळत येताना दिसली. कुणीतरी टॉवेल गुंडाळून त्याला दोरी बांधली. त्या टॉवेलावर आम्ही नांगरणीपर्यंत खेळलो. तिला कुणीच काही सांगितलं नाही.

पुष्कळ वर्षांनी मुरबाडच्या बाजारात ती भेटली. मी तिला अखेर सांगून टाकलं, की त्या रविवारी आम्ही सगळ्या तुला चेंडू गेल्याचं सांगायला आलो होतो.

"मला म्हाईत व्हता," ती म्हणाली. "गाडीत टाकला तवा मी तिथंच उभी व्हती. बिनचेंडूच्या तुमी याल का नाय, तेवढाच बघायचा व्हता."